लॅक्स्टनची शेतं आणि पंच

आज आपण इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन या लहानशा गावाबद्दल बोलू. 1086 सालच्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत त्याचं नाव आहे. तेव्हा जमीन जहागीरदाराची, म्हणजे ‘मॅनर’ची, कसायची कुळांनी. तीन मोठी रानं होती, त्यांत प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या. त्यामुळे चांगली-हलकी जमीन सगळ्यांच्याच वाट्याला यायची. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक. पडीक रानात गावाची गुरं चरायची.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटनं कायदे केले आणि गावोगाव अशा रानांना कुंपणं पडली. गाय चारणं, सरपण आणणं, सरवा वेचणं यांवर गरीब बायकांचा संसार चालायचा. मला वाटतं, खरा फटका त्यांनाच बसला.

लॅक्स्टन मात्र वाचलं. दोन बड्या जमीनदारांचं आपसात जमलं नाही म्हणून, असं सांगतात. भांडणही कधी कामी येतं!

पुढे मालक बदलले. 1952 मध्ये सरकारनं जमीन घेतली, 2020 मध्ये ती थोर्सबी इस्टेटीकडे गेली. पण मॅनरचं कोर्ट अजून भरतं. नोव्हेंबरअखेर गावातलेच पंच गव्हाच्या रानातून पायी फिरतात, हद्दीला खुंट्या ठोकतात. कुणी रस्त्यावर किंवा सामायिक गवतावर नांगर घातला असेल तर टिपून ठेवतात. आठवड्यानं कोर्ट बसतं आणि दंड होतो. कोर्टाला वेगळी इमारत नाही. ते गावातल्या दारूच्या गुत्त्यातच बसतं.