कल्हईचा बंदोबस्त

सुपे म्हटले की इतिहासाच्या वाचकास शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे-सुपे परगण्यांची जोडी आठवते. परंतु ते सुपे बारामतीकडचे, आणि येथे अभिप्रेत असलेले सुपा पारनेर तालुक्यातील, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे, पर्जन्यछायेतील गाव होय. जहागिरींच्या दप्तरांशी आपणांस कर्तव्य नाही. अशा गावांतून घरोघरच्या फडताळावर जो इतिहास भांड्यांच्या रूपाने उपडा घातलेला असे, तोच येथे उताणा करून पाहावयाचा आहे.

पातेली, तपेली, चरव्या, घंगाळी हा तांब्या-पितळेचा संसार लेकीबरोबर आंदण म्हणून येई आणि पुढे दोन-तीन पिढ्या चाले. परंतु या टिकाऊ धातूच्या पोटी एक खोड होती. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेविले की आंबटाच्या योगाने तांबे सुटे, पदार्थावर हिरवट झाक येई, तो जिभेला तुरट-कडवट लागे आणि खाणाऱ्यास मळमळून येई. याला आपल्या बायका 'कळकणे' म्हणत. त्या एका क्रियापदात धातुविषाचे सारे लक्षणशास्त्र साठविलेले आहे.

या विषावरील तोड म्हणजे कथलाचा पातळ लेप. 'कल्हई' हा शब्द कथिलास अरबीत जे 'कलई' म्हणतात त्यावरून आला, आणि त्या अरबी शब्दाचे मूळ काही पंडित मलायाच्या किनाऱ्यावरील कलह या बंदरात शोधतात. बादशाही मुदपाकखान्यातही याचा दस्तूर ठरलेला होता: अकबराच्या खाशातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा आणि शहाजाद्यांच्या भांड्यांना एकदा कल्हई व्हावी, अशी नोंद अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त केली आहे. खेड्यातल्या गृहिणीस असा शाही पंधरवडा परवडणारा नव्हता. भांड्याच्या तळाशी तांबूस ठिपका दिसू लागला की ती कल्हईवाल्याची वाट पाहू लागे.

हा कारागीर बारा बलुत्यांत मोडत नसे; त्याची मजुरी भांड्यागणिक ठरे. बाजाराच्या कडेला झाडाखाली तो हातभर खड्डा खणी, भात्याची नळी मातीत पुरी आणि कोळसे फुलवी. त्याचा पोऱ्या मोठ्या पातेल्यात वाळू आणि गोणपाट घालून स्वतः आत उभा राही आणि कमरेला हिसके देत पायांनीच ते भांडे घासून काढी. मग सांडशीत धरलेले भांडे निखाऱ्यावर फिरू लागे. पुरेसे तापताच त्यात नवसागराची चिमूट पडे, नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठे, कथलाची कांडी नुसती टेकविताच वितळे, कारण २३२ अंशांची उष्णता तिला पुरे होते, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका वेढ्यासरशी पितळेचा पिवळा अंधार रुपेरी होऊन जाई. शेवटी पाण्यात बुडविताच 'चुर्र' असा आवाज निघे, आणि भोवती जमलेली पोरे जणू त्या एका आवाजासाठीच ताटकळलेली असत. मात्र लोभी हात कथिलात शिसे मिसळीत, आणि मग राखणदारच चोराहून घातक ठरे.

ही सारी तटबंदी जिभेच्या साक्षीवर उभी होती, आणि जेथे जीभ साक्ष देत नाही तेथेच तिला खिंडार पडले. दूध आंबट नसते, ते हिरवे पडत नाही. परंतु त्यातील केसीन तांब्याला घट्ट धरून ठेवते, आणि बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापविलेले असे दूध तान्ह्या मुलाच्या पोटात निमूटपणे तांबे पोहोचविते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी टॅनर प्रभृती सहकाऱ्यांसह १९८३ साली हा संशय 'लॅन्सेट'मध्ये मांडला. यकृत कठीण होऊन बालके दगावविणाऱ्या एका विकाराचा संबंध त्यांनी पितळी भांड्यातील वरच्या दुधाशी जोडला होता. आनुवंशिक प्रवृत्तीचाही त्यात वाटा असावा, असे पुढे अनेकांनी मानिले. तथापि पितळी भांडी मागे पडली तसा तो विकारही विरळ झाला.

वस्तुतः निसर्गाने प्रत्येक जीवाला आतली एक कल्हई दिलेलीच आहे. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारे एक प्रथिन सापडले; तेच पुढे मेटॅलोथायोनीन या नावाने प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांत त्याच्या सुमारे ६१ अमिनो आम्लांपैकी २० गंधकयुक्त सिस्टीनची असतात, आणि तांबे, जस्त, कॅडमियम यांना तीच जखडून ठेवतात. साळिंदरासारखे काटे मिरविणाऱ्या सी अर्चिन या समुद्रजीवाचा गर्भ तर मातेच्या उदराबाहेर, उघड्या पाण्यात वाढतो. पाण्यात जस्त फार झाले तर त्याची घडणच बिघडते आणि आतडे नीट बनत नाही. म्हणून धातूची चाहूल लागताच त्याच्या पेशी हेच प्रथिन अधिक प्रमाणात घडवू लागतात. जस्त किंवा तांबे अजिबात नको असे त्या गर्भालाही म्हणता येत नाही, कारण लेशमात्र धातूवाचून जीवन चालत नाही. प्रश्न हद्दपारीचा नसून बंदोबस्ताचा आहे. नवजात मानवी बालकाच्या यकृतातही तांब्याचा मोठा साठा याच प्रथिनाच्या पहाऱ्यात असतो. पितळी चरवीतले दूध आधीच भरलेल्या त्या कोठारात आणखी भर घालीत होते.

आज सुप्याच्या माळावर औद्योगिक वसाहत आहे, घरोघर स्टीलची भांडी आहेत, आणि उरलेसुरले घंगाळ दिवाणखान्यात शोभेसाठी मांडलेले आढळते. स्टीलमध्ये ताक कळकत नाही, हे उत्तमच झाले. परंतु ताक कळकेनासे झाले तसे ते क्रियापदही तोंडी येईनासे झाले, आणि न चाखताच पातेल्याचा तळ पाहून धोका ओळखणारी ती नजरही त्याच्याबरोबरच गेली.