कचेरीतील खुर्ची

1818 साली खानदेशात इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास ठाणे केले. 1906 मध्ये जिल्हा दुभंगून जळगावासही कचेरी आली. कचेरीबरोबर खुर्ची आली.

तत्पूर्वी कारकून सतरंजीवर बसे, उभ्या गुडघ्यावर कागद धरून लिही. उंच असो वा ठेंगणा, लोड पुढेमागे सरकवला की बैठक जमली!

खुर्चीचे तसे नाही. ती फार उंच झाली तर पाय लोंबतात, मांडी खालून दबते, मुंग्या येतात. बैठक फार खोल असली तर पाठ टेकत नाही. सरासरी माप धरले तरी निम्म्या लोकांचे पाय अधांतरीच! म्हणून उंची ठेंगण्याच्या पोटरीवरून धरावी, रुंदी मात्र थोराड माणसावरून. किंवा खुर्ची खालीवर होणारी तरी हवी. आपल्या लोकांच्या अशा मापांचे देबकुमार चक्रबर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढले ते 1997 साली, म्हणजे ब्रिग्जसाहेबानंतर पावणेदोनशे वर्षांनी.

तेव्हा गुरुजी, बाई, शाळेतली खुर्ची उंच वाटली तर पायाखाली पाट घ्या. सुताराकडून तिचे पाय कापवायचे असतील, तर आधी इतर शिक्षकांचेही गुडघे मोजा.