प्रिसिजन रायफलची अ‍ॅक्शन आणि मॅगझिन

अ‍ॅक्शन हा बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा मध्यवर्ती यांत्रिक भाग होय. मॅगझिनमधील काडतूस चेंबरमध्ये ढकलणे, बार उडताना चेंबर बंद ठेवणे आणि नंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकणे ही तिची कामे आहेत. रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट हे तिचे दोन मुख्य घटक होत. लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजी स्पर्धांसाठी, विशेषतः अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रिसिजन रायफल सिरीज (पीआरएस) या मालिकेसाठी, रायफल बहुधा सुटे भाग निवडून बांधून घेतली जाते. अशा रायफलची नळी झिजते व वारंवार बदलावी लागते. अ‍ॅक्शन मात्र अनेक नळ्यांना पुरून उरते. दस्ता, ट्रिगर, नळीचे आटे आणि मॅगझिन या सर्वांचा मेळ तिच्याशीच घालावा लागत असल्याने तिची निवड सर्वांत आधी केली जाते.

== स्पर्धेचे स्वरूप ==

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात प्रत्येक काडतूस हाताने भरले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच पद्धतीच्या ‘थ्री पोझिशन्स’ प्रकारात. बेंचरेस्ट या प्रकारात तर मॅगझिनसाठी तळाला खाचच नसलेली अ‍ॅक्शन पसंत केली जाते, कारण खाच नसल्याने रिसीव्हर अधिक ताठ राहतो. पीआरएसची गरज वेगळी आहे. तेथे साधारण दीड ते दोन मिनिटांत आठ ते बारा गोळ्या झाडायच्या असतात, आणि त्याही भिंत, शिडी, पिंप अशा अडचणीच्या आधारांवरून जागा बदलत. एखादे काडतूस अडकले तर तेवढ्यात दोन-तीन लक्ष्ये हातची जातात. आजच्या चांगल्या अ‍ॅक्शनमधील अचूकतेचा फरक अगदी थोडा असतो. काडतूस दर वेळी विनातक्रार चेंबरमध्ये जाणे हा गुण त्याहून मोलाचा ठरतो.

== रेमिंग्टन ७०० चा साचा ==

या क्षेत्रातील बहुतेक सुट्या भागांचे माप एका जुन्या रायफलवरून आले आहे. रेमिंग्टन कंपनीने १९६२ मध्ये ‘मॉडेल ७००’ बाजारात आणले. तिचा रिसीव्हर गोल पोलादी दांड्यापासून घडवलेला असल्याने कारागिराला तो लेथवर सहज नीट करता येई, आणि दस्त्यात बसवणेही सोपे होते. अमेरिकी मरीन कोअरची एम ४० आणि भूदलाची एम २४ या दोन्ही रायफली याच अ‍ॅक्शनवर बेतलेल्या होत्या. कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. तोवर तो साचा मात्र सर्वांचा झाला होता. इम्पॅक्ट, डिफायन्स, झर्मॅट यांसारख्या निर्मात्यांच्या अनेक अ‍ॅक्शन दस्ता व ट्रिगर यांपुरते ७०० चेच माप पाळतात.

मूळ रायफलचे दोषही प्रसिद्ध आहेत. बोल्टची मूठ ब्रेझिंगने जोडलेली असते. ती किंचित चुकीच्या जागी बसली, तर पुंगळी सैल करणारी सुरुवातीची ओढ कमी पडते. नळी व रिसीव्हर यांच्यामध्ये धरलेला रिकॉइल लग हा सुटा तुकडा असतो. नव्या अ‍ॅक्शनमध्ये तो रिसीव्हरचाच भाग असतो किंवा पिनेने पक्का केलेला असतो. शिवाय त्यांची मापे इतकी काटेकोर असतात, की आधीच कापून ठेवलेली नळी नेमबाज स्वतः बसवू शकतो. तरीही बसवल्यावर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट व चेंबर यांतील अंतर, गेजने तपासणे आवश्यक असते. ते जास्त झाल्यास पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या दिशेने येऊ शकतात.

टिक्का टी३एक्स ही फिनलंडची अ‍ॅक्शन या साच्याबाहेरची आहे. ती सफाईदार असली, तरी तिच्यासाठी मिळणारे दस्ते व ट्रिगर संख्येने कमी आहेत.

== बोल्ट ==

दोन लगांचा बोल्ट उघडण्यासाठी मूठ ९० अंश उचलावी लागते, तीन लगांचा सुमारे ६० अंशांत उघडतो. कमी कोनामुळे मूठ दुर्बिणीपासून दूर राहते; परंतु स्प्रिंग ताणण्याचे तेवढेच काम कमी फिरवणीत करायचे असल्याने जोर अधिक लागतो आणि आधारावर टेकवलेली रायफल हलू शकते. कोन लहान म्हणून बोल्ट श्रेष्ठ, हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर स्प्रिंगचा असेल तर तो चेंबरमधील काडतुसाला सतत एका बाजूला रेटतो. यांत्रिक इजेक्टर तसे करत नाही, मात्र बोल्ट हळू ओढल्यास पुंगळी जवळच पडते.

== मॅगझिन आणि काडतुसाची लांबी ==

काडतूस कितीही लांब भरता येत नाही. मॅगझिनची आतील लांबी त्याची मर्यादा ठरवते. .३०८ विंचेस्टरची प्रमाणित कमाल लांबी २.८१० इंच (७१.४ मिमी) आहे व ते आखूड अ‍ॅक्शनमध्ये बसते. .३०-०६ साठी ३.३४० इंच (८४.८ मिमी) लागतात, म्हणजे लांब अ‍ॅक्शन. एम २४ मध्ये ७.६२ × ५१ मिमी काडतूस असूनही लांब अ‍ॅक्शन घेतली होती. त्या दूरदृष्टीमुळेच पुढे तिचे .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठीच्या एक्सएम २०१० मध्ये रूपांतर करता आले.

पीआरएसच्या नियमांत गोळीचा व्यास .३० कॅलिबरपर्यंत आणि वेग सेकंदाला ३,२०० फूट (सुमारे ९७५ मीटर) इतकाच मर्यादित असल्याने तेथे मॅग्नमचा उपयोग नाही. आखूड अ‍ॅक्शन आणि ०.४७३ इंची बूड धरणारा बोल्ट पुरेसा होतो. हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर तयार केले ते हीच अट पाळून. त्याची पुंगळी .३०८ पेक्षा सुमारे अडीच मिमी आखूड ठेवल्याने लांबट, निमुळती गोळी बसवूनही काडतूस मॅगझिनमध्ये मावते.

सर्वाधिक प्रचलित मॅगझिन ‘एआयसीएस’ नमुन्याची आहे. ती मूळची अ‍ॅक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीने ७०० च्या अ‍ॅक्शनसाठी केलेल्या चॅसिसची. तिच्यात काडतूस वर मध्यभागी एकाच जागी येते. मूळ नमुन्यात समोर एक पट्टी असल्याने आत सुमारे ७२ मिमी जागा मिळते. पट्टी नसलेल्या मॅगझिनमध्ये ती सुमारे ७५ मिमी असते. स्वतः दारू भरणाऱ्या नेमबाजाला हे तीन मिमी गोळी थोडी पुढे बसवण्यास उपयोगी पडतात. त्याच कंपनीच्या ‘एडब्ल्यू’ नमुन्यात काडतुसे डावी-उजवीकडून आळीपाळीने सुटतात. ती मॅगझिन उंचीला कमी असते, पण तिच्यासाठी रिसीव्हरची खाच रुंद असावी लागते. ही खाच नंतर वाढवणे जिकिरीचे असल्याने एडब्ल्यूचा विचार असल्यास तशी अ‍ॅक्शन सुरुवातीलाच घ्यावी लागते.

== आखूड काडतुसांची अडचण ==

कमी धक्क्यामुळे ६ मिमी बीआर व तिच्यापासून निघालेले डॅशर स्पर्धकांत लोकप्रिय झाले. बीआरची पुंगळी जेमतेम ३९.६ मिमी लांब असते; .३०८ साठी घडवलेल्या मॅगझिनमध्ये तिचे काडतूस मागेपुढे सरकते आणि टोक वाकडे होऊन अडकते. यावर मॅगझिनच्या मागील बाजूला ठोकळा बसवणे, वरचे ओठ वाकवून नीट करणे असे उपाय केले जातात. ६ जीटी हे काडतूस तर मॅगझिनमधून सुरळीत सुटावे हे ध्यानात ठेवूनच आखले गेले.

== उंचीची जुळणी ==

मॅगझिन किती उंच बसते हे अ‍ॅक्शनपेक्षा दस्ता किंवा चॅसिस ठरवतो. ती खाली राहिली तर बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो. वर आली तर बोल्ट तिच्या ओठांना घासतो. त्यामुळे अनेक चॅसिसमध्ये खटक्याची उंची बदलण्याची सोय असते. अनुभवी स्पर्धक प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालतात आणि अडथळा आल्यास तो क्रमांक टिपून ठेवतात, कारण दोष अ‍ॅक्शनचा समजला जात असताना तो पुष्कळदा एकाच मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांचा निघतो.