संसाराचा हिशेब आणि बेफिकीर जोडीदार

विवाह संस्काराच्या वेळी पती-पत्नी सुखदुःखात एकमेकांना साथ देण्याचे वचन देतात. एकाने कमवावे आणि दुसऱ्याने उधळावे, असा त्या वचनाचा अर्थ नाही. तरीही जोडीदार दारू, जुगार, उसनवारी किंवा दिखाऊ खर्चात पैसा घालवीत असेल, तर अनेकांना प्रश्न पडतो : क्षमा करायची, म्हणजे त्याचे कर्जही दर वेळी फेडायचे का?

क्षमा आणि कर्जफेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संत पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:८) घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नाकारणारा ठरविले आहे. कॅनन लॉच्या ११३५ व्या कलमानुसार वैवाहिक सहजीवनात दोघांची कर्तव्ये व हक्क समान आहेत. कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४१३) म्हटले आहे की, स्वतःच्या व इतरांच्या गरजेचा पैसा हिरावला जात असेल, तर पैजा व जुगार नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह राहत नाहीत. म्हणूनच मुलांच्या ताटातील घास सुरक्षित ठेवणे हा जोडीदारावरील अविश्वास नसून कुटुंबाप्रती असलेले कर्तव्य आहे.

हंगामाचा पैसा, वर्षाचा खर्च

गणपतीपुळ्यासारख्या किनारी गावात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत पर्यटकांमुळे हाती रोख पैसा खेळतो. आंब्याचे उत्पन्नही उन्हाळ्यातच येते. पावसाळ्यात मात्र पर्यटक रोडावतात आणि जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. हंगामात उधळलेला पैसा नेमका शाळा सुरू होताना आठवतो.

समजा, घराचा अत्यावश्यक मासिक खर्च १५,००० रुपये आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी ६०,००० रुपये लागतील. ते साठविण्यासाठी ऑक्टोबर ते मे या काळात दरमहा ७,५०० रुपये बाजूला काढावे लागतात. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे (लूक १४:२८). तोच विवेक येथे हवा.

वाटणी कशी करावी?

प्रथम दोघांनी शांतपणे एकत्र बसून उत्पन्न, देणी आणि वाण्याची उधारी कागदावर मांडावी. खर्चाची वाटणी मिळकतीच्या प्रमाणात करावी. एकाचे उत्पन्न २०,००० आणि दुसऱ्याचे १०,००० असेल, तर १५,००० च्या खर्चापैकी पहिल्याने १०,००० व दुसऱ्याने ५,००० द्यावेत. वीजबिल, शाळेची फी आणि किराणा यांचे पैसे मिळकत हाती येताच वेगळे काढावेत. पावसाळ्याची शिल्लक दोघांच्या सहीशिवाय काढता येणार नाही, अशा खात्यात ठेवावी. बेफिकीर जोडीदाराला हातखर्चाची ठरावीक रक्कम द्यावी. ती संपल्यावर घरखर्चाला हात लावू नये.

कायदा काय सांगतो?

भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या २० व्या कलमानुसार केवळ विवाहामुळे एका ख्रिस्ती जोडीदाराला दुसऱ्याच्या मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही. विवाहित स्त्रीने स्वतःच्या नोकरी-धंद्यातून मिळविलेला पैसा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याने तिचाच मानला जातो. त्याच कायद्याच्या ६ व्या कलमाखाली पतीने पत्नी व मुलांच्या हितासाठी विमा काढल्यास, ती रक्कम सर्वसाधारणपणे पतीच्या सावकारांपासून सुरक्षित राहते. शेजारच्या गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला सामाईक मालमत्तेचा नियम आहे. तेथे विवाह झालेल्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

सर्वांत मोठा धोका सहीचा असतो. जामीनदाराची जबाबदारी साधारणतः मूळ कर्जदाराइतकीच असते (भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १२८). म्हणून प्रेमापोटी किंवा दडपणाखाली, कागद न वाचता जामीनदार वा सहकर्जदार होऊ नये.

घरखर्चाला पैसे न देणे किंवा पत्नीचे स्त्रीधन परस्पर विकणे हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आर्थिक छळ ठरू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मारहाणीची भीती असेल तर एकटीने हिशेब मागायला बसू नये. १८१ या महिला हेल्पलाइनवर संपर्क साधावा.

व्यसन हे मूळ असेल, तर केवळ हिशेबाच्या वहीने ते सुटणार नाही. उपचार, समुपदेशन आणि धर्मगुरूंचे मार्गदर्शन यांची जोड द्यावी. जोडीदार बदलू पाहत असेल, तर सहा महिने ठरलेला वाटा नियमित भरण्याची संधी त्याला अवश्य द्यावी. मात्र तोवर घराची किल्ली आणि तिजोरीची किल्ली एकाच खिळ्याला टांगू नये.