नऊजणांचे दालन

इटलीच्या तोस्काना प्रांतात तीन टेकड्यांच्या अंगावर सिएना हे नगर वसले आहे. सुटीचा पहिला दिवस आम्ही तेथे घालविला. गड चढण्याची सवय असलेल्या पायांना तेथील चढउतार परके वाटत नाहीत. अरुंद गल्ल्या उतरत आपण 'काम्पो' या चौकात येतो. चौक कसला, उताराला लागलेला प्रचंड शिंपलाच तो! त्याच्या विटांच्या फरसबंदीचे पांढऱ्या दगडी पट्ट्यांनी नऊ भाग केले आहेत. 1287 ते 1355 या काळात नगरावर राज्य करणाऱ्या नऊजणांच्या मंडळाची ती खूण.

हे नऊजण बहुधा व्यापारी पेशाचे. दर दोन महिन्यांनी ते बदलत आणि मुदतीत त्यांना नगरवाड्यातच राहावे लागे. न्यायनिवाड्यासाठी 'पोदेस्ता' नावाचा अधिकारी मात्र मुद्दाम परगावाहून आणीत. गावात ज्याचे सोयरेधायरे नाहीत, तोच निःपक्ष राहील, ही त्यामागील समजूत. मुदत सरल्यावर त्याच्या कारभाराची तपासणी होई, आणि मगच त्याला घरची वाट धरता येई. घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांना या गृहस्थाविषयी आपुलकी वाटल्यास नवल नाही.

नगरवाड्यातील नऊजणांच्या दालनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती याने 1338-39 मध्ये तीन भिंती रंगविल्या. एकीकडे सुराज्य: न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेली दोरी 24 नागरिकांच्या हातांतून जाते, गवंडी घर बांधीत आहेत, गुरुजी शिकवीत आहेत, वेशीबाहेर शेतकरी सुगीत गुंतले आहेत. दुसरीकडे दुःशासन: शिंगे असलेला जुलमी सत्ताधीश, त्याच्या पायाशी जखडलेली न्यायदेवता, आणि नगरात चालू असलेले दुकान एकच, शस्त्रे घडविणाऱ्याचे. ज्यांनी कारभार करायचा, त्यांच्याच डोळ्यांसमोर ही दोन्ही चित्रे रात्रंदिवस होती.

मग 1348 साली प्लेग आला. आपली पाच मुले आपण स्वतःच्या हातांनी पुरली, असे आन्योलो दि तूरा हा बखरकार नोंदवितो. 1339 मध्ये सुरू झालेला कॅथीड्रलचा विस्तार अर्धवटच राहिला; त्याच्या ओक्याबोक्या भिंती आम्ही सायंकाळी पाहिल्या. 1355 मध्ये सम्राट चौथा चार्ल्स नगरात आला असता सरदार आणि सामान्यजन एकत्र उठले व नऊजणांची सत्ता संपली. दोघांनाही त्या मंडळात स्थान नव्हते. भिंतीवरची दोरी 24 जणांच्या हाती होती खरी. प्रत्यक्षात ती मूठभरांच्याच हाती राहिली.

म्हणून ती चित्रे व्यर्थ ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुःशासनाच्या भिंतीचे रंग बरेच झडले आहेत, तरी जखडलेली न्यायदेवता अद्याप ओळखू येते. स्वतःला मोजण्याचे माप स्वतःच्याच भिंतीवर रंगवून घेणारे राज्यकर्ते इतिहासात थोडेच. ते त्या मापास उतरले नाहीत, हे आपल्याला कळते तेही त्याच मापाने.