वही राखणाऱ्याची मजुरी

मंडळी, पेशवाईत पुण्याचा यात्रेकरू काशीला निघाला, की रोकड गाठीला बांधून नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी घेणे त्याला सोयीचे पडे. त्यासाठी तो हुंडणावळ भरी. सावकाराच्या वहीचे आणि पतीचे ते मोल होते. आता समजा, सावकार नाहीच. वही आहे आणि तिची नक्कल हजारो ठिकाणी आहे. मग ती लिहायची कोणी, आणि कशासाठी?

‘बिटकॉइन’ या संगणकी चलनाच्या जनकापुढे हाच प्रश्न होता. सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेऊन त्याने २००८ साली आपली योजना मांडली. ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले.

या वहीचे एक पान सुमारे दहा मिनिटांत भरते. ते लिहिण्याचा मान मिळावा म्हणून ‘मायनर’ म्हणवणारे लोक संगणकांवर आकड्यांचे एक कोडे सोडवतात. त्यात वीज अतोनात जळते. पण वहीची राखण होते ती याच खर्चामुळे. खोटे पान घुसवू पाहणाऱ्यालाही तितकीच वीज जाळावी लागते!

जिंकणाऱ्याला दोन प्राप्ती होतात: नवी नाणी, आणि पैसे धाडणाऱ्यांनी दिलेली हुंडणावळ. आरंभी पानामागे ५० नाणी मिळत. दर २,१०,००० पानांनी, म्हणजे अदमासे चार वर्षांनी, हे बक्षीस निम्मे होते. २०१२ साली २५, २०१६ साली १२.५, २०२० साली ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ असे ते उतरत आले.

हुंडणावळीचे मात्र तसे नाही. पानावर जागा थोडी; गर्दी झाली की जो अधिक देईल त्याची नोंद आधी. २०१७ च्या डिसेंबरात एका व्यवहारामागे सरासरी ५० डॉलरांहून अधिक पडल्याचेही दिवस आले. २०२४ साली बक्षीस निम्मे झाले, त्याच पानावर हुंडणावळ ३७ नाण्यांच्या वर गेली. पुढे ती झपाट्याने ओसरली.

सुमारे २१४० साली नवी नाणी निघणे थांबेल. मग राखणदाराचे पोट केवळ हुंडणावळीवर. ती कमी पडली तर राखणदार निघून जाईल, आणि फार वाढली तर गरिबाला ही वही परवडणार नाही. या पेचाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

शिक्षकबंधूंनो, वर्गात एक गणित जरूर घाला. ५० अधिक २५ अधिक १२.५, अशी बेरीज करीत जा. ती १०० च्या जवळ जाते, पण १०० होत नाही. त्या १०० ला २,१०,००० ने गुणा. उत्तर येईल २ कोटी १० लाख. या चलनाची नाणी त्यापलीकडे जायची नाहीत.