176 : आकडा कोण लिहितं, आणि कुणासाठी?

खर्डा म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातलं एकच पान उघडतं. 11 मार्च 1795. सवाई माधवरावांची पेशवाई, नाना फडणवीसांचं राजकारण, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली एकत्र आलेले मराठे सरदार आणि समोर निजाम. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला, तिथेच कोंडला गेला आणि शेवटी तह करून सुटला. किल्ला अजून उभा आहे.

पण खर्डा ज्या जामखेड तालुक्यात आहे, त्या तालुक्याचं नाव जगभरात सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या वर्गांमध्ये घेतलं जातं ते लढाईमुळे नव्हे, एका आकड्यामुळे. तो आकडा आहे 176. जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचत नव्हती. 1976 मध्ये प्रकल्पाच्या गावांमध्ये हा आकडा 52 झाला. 1996 मध्ये 26.

हे कमी कसं झालं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातला एक कमी बोलला जाणारा प्रश्न पडतो. हे मोजलं कुणी? नर्स काय करते असं विचारलं तर इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग अशी उत्तरं येतात. ‘ती मोजते’ असं कुणी म्हणत नाही. खरं तर तिचा निम्मा दिवस मोजण्यातच जातो. ताप, बीपी, वजन, नाडी, जन्म, मृत्यू. दवाखाना चांगला की वाईट हे ज्या आकड्यांवरून ठरतं, त्यातले बहुतेक आकडे पहिल्यांदा तिच्या हाताने लिहिले जातात.

दिव्यापेक्षा मोठं काम

सुरुवात नाईटिंगेलपासून करावी लागते. तिचा हातातला दिवा सगळ्यांना माहीत आहे, तिचे तक्ते कमी लोकांना. नोव्हेंबर 1854 मध्ये ती क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तिथे रुग्णांच्या गर्दीइतकाच नोंदींचाही गोंधळ होता. किती सैनिक मेले, हे वेगवेगळ्या वह्यांत वेगवेगळं लिहिलेलं. युद्ध संपल्यावर विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञासोबत ती आकडे जुळवत बसली, तेव्हा दिसलं की जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक रोगाने मेले. मार्च 1855 मध्ये सॅनिटरी कमिशनने गटारं आणि हवा-पाण्याची व्यवस्था सुधारायला घेतल्यावर मृत्यू उतरत गेले. 1858 मध्ये तिने हे गोल, पाकळ्यांसारख्या आकृतीत मांडलं, म्हणजे मंत्र्यांनाही एका नजरेत कळावं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली बाई.

ती भारतात कधी आली नाही. पण इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून तिने माहिती मागवली. 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालात ती वापरली गेली. भारतातल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये वर्षाला हजारी 69 मृत्यू होत होते. पुढे तिचं लक्ष सैनिकांवरून खेड्यांकडे वळलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

तिच्या कामातली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आकडे तिने खाटांजवळ उभं राहून पाहिले होते आणि ते बदलायचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांच्यापर्यंत ती स्वतः जाऊ शकत होती. ती बड्या घरची होती, मंत्री तिच्या ओळखीचे होते. जामखेडमधल्या बायकांकडे यातलं काहीच नव्हतं.

नर्स गावात टिकल्या नाहीत

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलेले. त्यांचा पहिला आराखडा साधा होता. प्रत्येक गावात एक एएनएम, म्हणजे आपण जिला नर्सबाई म्हणतो ती, राहील आणि माता-बालकांचं काम बघेल.

हे जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी अनोळखी गावात एकटी राहणार, हे तिच्यासाठीही अवघड आणि गावासाठीही परकं. सुईणीला सोडून तिच्याकडे कोण जाणार? तिचं ऐकून बाळाला पहिल्या दिवसापासून दूध कोण पाजणार?

मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. बऱ्याचशा मध्यमवयीन, अनेक दलित, अनेक निरक्षर. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन गावात सांगायच्या. नर्स बाजूला पडली नाही, तिची जागा बदलली. डॉक्टर आणि सोशल वर्करसोबत ती फिरत्या पथकात आली. गावातली कार्यकर्ती जे बघायची, ते पथकासोबत बसून पडताळून पक्कं व्हायचं. अवघड बाळंतपण पुढे पाठवायचं, औषध कधी द्यायचं, हेही तिथेच ठरायचं.

आता थोडं गणित करू. समजा, दीड हजार वस्तीचं गाव आहे आणि जन्मदर हजारी 40. म्हणजे वर्षाला 60 बाळं. हजारी 176 ने त्यातली दहा-अकरा जातात. महिन्याला जवळजवळ एक. एवढे मृत्यू रोजचे झाले की गाव त्याला नशीब म्हणू लागतं. कार्यकर्ती जेव्हा ते एकेक करून मोजते, तेव्हा कारणं वेगवेगळी होतात. हे जुलाबाने गेलं. हे नाळ कापताना धनुर्वात होऊन गेलं. हे न्यूमोनियाने. आणि प्रत्येक कारणावर गावात करता येण्यासारखं काहीतरी असतं. मीठ-साखरेचं पाणी, नवं कोरं ब्लेड आणि उकळलेला दोरा, आईला धनुर्वाताची लस, पिण्याचं स्वच्छ पाणी. 1972 च्या दुष्काळाच्या काळात प्रकल्पाने बोअर घेतले, तेव्हा ते दलित वस्तीत लागतील असं पाहिलं. त्यामुळे गावातल्या सगळ्यांना पाण्यासाठी तिथे यावं लागलं.

मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आकडा लिहिणारी, त्याचा अर्थ लावणारी आणि त्यावर दुसऱ्या दिवशी काही करणारी, ही एकच बाई होती. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे याला फीडबॅक लूप म्हणतात आणि तो जितका आखूड, तितकी चूक लवकर सापडते. जामखेडमध्ये तो लूप एका गल्लीएवढा होता.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा आट्याच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलल्या. डॉक्टर म्हणजे झुंबर आणि आपण म्हणजे एकीवरून दुसरी लावता येणारी पणती, अशी तुलना त्यांनी केली. नाईटिंगेलच्या दिव्यानंतरचा हा दुसरा दिवा.

न लिहिलेले मृत्यू

लूप लांबला की काय होतं, तेही महाराष्ट्रानेच पाहिलं. 2001 मध्ये डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल काढला. त्यांनी गावांमध्ये स्वतः बालमृत्यू मोजले. सरकारी दप्तरात नोंदल्यापेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त निघाले. पुढे सरकारला यावर समिती नेमावी लागली.

यात कुणी एक नर्स खोटारडी होती, असं म्हणून सुटता येत नाही. मृत्यू लिहिला की वरून ‘कारणे दाखवा’ येणार आणि नाही लिहिला तर काहीच होणार नाही, अशी व्यवस्था असेल तर माणूस काय करेल? ज्या उपकेंद्राची नोंद प्रामाणिक, तेच यादीत वाईट दिसणार.

सॉफ्टवेअरच्या जगात सर्व्हर बंद पडल्यावर जी बैठक होते, तिचा चांगल्या टीममधला नियम असा असतो की कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त काय घडलं ते क्रमाने सांगायचं. हे औदार्य नसतं. दोष दिला की पुढच्या वेळी लोक माहिती लपवतात, हा अनुभव असतो. माता मृत्यू आणि बालमृत्यूच्या चौकशीचे भारतातले आजचे नियमही दोष ठरवण्यापेक्षा कारण शोधण्यावर भर देतात. नियम तसा असणं आणि टेबलाच्या या बाजूला बसलेल्या सिस्टरला तसं वाटणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि आकडे खाली आले की आणखी एक अडचण येते. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी 16 होता. आपल्या त्याच गावात आता वर्षाला समजा 25 बाळं जन्मतात. म्हणजे दोन-तीन वर्षांत एखादा मृत्यू. एक बाळ गेलं की त्या वर्षी गावाचा दर एकदम 40, नाही गेलं तर 0. अशा आकड्यावरून ‘उत्तम केंद्र’ आणि ‘मागास केंद्र’ ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. इथे दर मोजून फायदा नाही. त्या एका बाळाची पूर्ण हकिगत ऐकावी लागते.

चेकलिस्ट पाळली, पण...

म्हणून गेल्या काही वर्षांत मोजणी मृत्यूंवरून कृतींकडे सरकली. हात धुतले का? दाखल होताना बीपी घेतलं का? बाळंत होताच ऑक्सिटोसिन दिलं का? बाळाला आईच्या अंगाशी ठेवलं का? या सगळ्या गोष्टी लेबर रूममधली नर्स करते आणि नोंदवतेही तीच. 2013 पासून सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत. डिसेंबर 2017 मध्ये लेबर रूमसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात डॉक्टर आणि नर्स मिळून गुणवत्ता मंडळ करतात आणि दोन-दोन महिन्यांच्या टप्प्यांत एकेक गोष्ट सुधारतात. आमच्या स्प्रिंटसारखंच.

पण एवढ्यावर खूश होऊ नये, असा पुरावाही आहे. 2017 मध्येच उत्तर प्रदेशातल्या 120 केंद्रांवरच्या ‘बेटरबर्थ’ या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट, ती वापरायला शिकवणारे कोच, सगळं केलं. दोन महिन्यांनी चेकलिस्टमधल्या कामांपैकी सुमारे 73 टक्के कामं होत होती, इतर केंद्रांवर सुमारे 42 टक्के. कोच यायचे थांबल्यावर हा आकडा 62 च्या आसपास उतरला. आणि माता-बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे जवळजवळ सारखीच.

याचा अर्थ चेकलिस्ट वाया गेली असा नाही. बीपी वाढलेलं दिसलं, तर पुढे पाठवायला गाडी हवी. गाडीच्या दुसऱ्या टोकाला रक्त आणि सिझेरियन करणारा डॉक्टर हवा. नर्सने बरोबर मोजलं, पण त्या मोजणीवर करायचं काम तिच्या हातात नसेल, तर आकडा सुधारतो आणि बाई तिथेच राहते.

मोजणारीचा आकडा

एक मोजमाप मात्र आपण सहसा विचारत नाही. एका नर्सकडे किती रुग्ण? 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या 300 रुग्णालयांचा अभ्यास आला. एका नर्समागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेनंतर 30 दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्के वाढलेली दिसली. हा अभ्यास निरीक्षणातून केलेला आहे, त्यामुळे त्यातून कार्यकारण थेट सिद्ध होत नाही. तरी दिशा कळते. रुग्णाकडे बघायला वेळच नसलेली नर्स सगळ्यात आधी काय सोडून देईल? बघणं. आणि न बघितलेल्याची नोंद ती भरेलच, कारण फॉर्ममधला रकाना रिकामा सोडता येत नाही.

खर्ड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणी काम करणाऱ्या आरोग्यसेविकेपुढे आज गरोदर मातांचं पोर्टल आहे, क्षयरोगाचं आहे, लसीकरणाचं आहे, बीपी-शुगरचं आहे. माझ्यासारखेच लोक ही पोर्टलं लिहितात. वरच्या साहेबाच्या डॅशबोर्डवर रंगीत नकाशा दिसतो की नाही, यावर मीटिंगमध्ये चर्चा होते. सिस्टरला त्यातून काय परत मिळतं, यावर क्वचितच. तिने भरलेल्या माहितीतून तिला उद्या सकाळी कुणाच्या घरी जायचं हे कळलं, मागच्या महिन्यात पाठवलेल्या बाईचं पुढे काय झालं हे कळलं, आणि ‘इथे गाडी वेळेवर येत नाही’ हे तिने लिहिल्यावर कुणी उत्तर दिलं, तर ती मोजणी जामखेडच्या जातीची. नाहीतर स्कुतारीच्या वह्यांसारखी, फक्त क्लाउडवर ठेवलेली.

पुढच्या वेळी दवाखान्यात सिस्टर बीपीचा पट्टा सोडून मोबाइलवर काहीतरी टाइप करताना दिसली, तर तिला एवढंच विचारा : ‘सिस्टर, हे लिहून तुम्हाला काय कळतं?’ त्या केंद्राची गुणवत्ता तिच्या उत्तरात बरीचशी सापडेल.